कराडचं इलेक्ट्रिकल की पुण्यातलं कॉम्प्युटर: लेकीबरोबर बसून कसं ठरवायचं

साताऱ्याहून एका वडिलांनी प्रश्न पाठवला आहे, तो थोडक्यात असा. मुलीला एमएचटी-सीईटीत ९४ पर्सेंटाइल आहेत. प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. मे महिन्यात पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर (एआय) ला पैसे भरून सीट धरून ठेवली. तिथली फी वर्षाला साडेतीन लाख, शिवाय होस्टेल-मेसचे दीड. आता कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, कराड इथे इलेक्ट्रिकल मिळालं आहे, सातव्या पसंतीचं. वडिलांना सरकारी कॉलेज हवंय, मुलीला कॉम्प्युटर हवंय, आईला पुण्याच्या होस्टेलची धास्ती वाटते, आणि मुंबईचे काका म्हणतात, आयटीशिवाय काही घेऊ नका. "ती आमच्याशी बोलत नाही, आम्ही काय करावं?" हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवलं, प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर बसलो, आणि निवृत्तीनंतरही जून-जुलैत हेच काम करतो. त्यामुळे आधी तातडीचं सांगतो, कारण तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

कराडची जागा सोडू नका. ती स्वीकारा आणि बेटरमेंटचा पर्याय ठेवा. म्हणजे पुढच्या फेरीत यादीतलं वरचं काही मिळालं तर ते मिळेल, नाही मिळालं तर कराड हातात राहील. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात घ्या: वरचं काही मिळालं की कराड आपोआप रद्द होतं, ते परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फॉर्ममध्ये कराडच्या वर फक्त तेच पर्याय लिहायचे, जे मिळाले तर तुम्ही खरोखर कराड सोडून आनंदाने जाल. "बघू काय मिळतंय" म्हणून टाकलेला पर्याय नेमका लागतो आणि मग घरात रडारड होते, हे दर वर्षी होतं.

शिवाय २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक लागली, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक लागली, की ती जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. यादीच्या वरच्या तीन ओळी म्हणजे आता जवळजवळ सही केल्यासारख्या आहेत. ही प्रक्रिया चालवणारा सीईटी सेल दर वर्षी माहितीपुस्तिका काढतो. त्यातलं फेऱ्यांचं प्रकरण तुम्ही स्वतः वाचा आणि लेकीलाही वाचायला द्या. सायबर कॅफेवाल्याला विचारू नका.

आता पैसा. तुमच्या पत्रात हा विषय एका ओळीत उरकला आहे आणि माझ्या मते तुमच्या घरातला निम्मा अबोला तिथेच आहे.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सगळ्या कॉलेजांत ते लागू आहे. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला ही माफी नाही. खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं तर यातून सरळ वगळलेली आहेत.

म्हणजे तुमच्या लेकीला कॅपमधून एखाद्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं तरी शिक्षण शुल्क माफ आहे, आणि मे महिन्यात धरून ठेवलेल्या त्या जागेला एक रुपयाही माफ नाही. पुष्कळ पालकांना हे माहीत नसतं. खासगी कॉलेज आणि खासगी विद्यापीठ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि तिथल्या बहुतेक जागा कॅपमधून भरतात. दुसऱ्याचा कारभार स्वतःचा. काही जुनी, नावाजलेली कॉलेजं गेल्या काही वर्षांत विद्यापीठ झाली आहेत, त्यामुळे जुन्या ओळखीवर जाऊ नका. यंदाच्या कॅपच्या यादीत ते नाव आहे की नाही ते बघा.

हिशोब मांडू. पुण्याचे वर्षाला पाच लाख, चार वर्षांचे वीस, तेही फी एका पैशानेही वाढली नाही असं धरून. त्यातले पाच तुम्ही घालाल असं समजा, उरलेल्या पंधरा लाखांचं कर्ज. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता साधारण १९,८०० रुपये. आणि व्याज ती शिकत असतानाही चढत असतं, त्यामुळे प्रत्यक्षातला हप्ता याहून जास्त. पहिल्या नोकरीत तीस-पस्तीस हजार हातात येणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हा हप्ता कसा दिसतो, ते तिला दाखवा. कराडला, किंवा कॅपमधल्या दुसऱ्या कुठल्याही कॉलेजला, शिक्षण शुल्काचा भार नाही. उरतं ते वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, येणं-जाणं. डेव्हलपमेंट फी आणि बाकीची किरकोळ शुल्कं किती, हे त्या त्या कॉलेजच्या कार्यालयात विचारून लिहून घ्या, कारण माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्या अटींत तुम्ही बसता का, ते महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती-संकेतस्थळावर पाहा. अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो, आणि मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, चालू वर्षापर्यंत मुदत असलेलं नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र या आठवड्यातच हाताशी घ्या. वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर ओबीसीची जागा जाते, आणि मग हा सगळा हिशोबच बदलतो.

कर्ज वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. देशातल्या वरच्या श्रेणीच्या संस्थांसाठी २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. तिच्यात तारण लागत नाही आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट मिळते. पण ती ठरावीक संस्थांच्या यादीपुरतीच आहे. तुम्ही सीट धरलेलं विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते बँकेत जाऊन विचारा. तिथल्या प्रवेश विभागाच्या शब्दावर विसंबू नका.

मुद्दा असा की हे आकडे लेकीसमोर ठेवा. आपल्याकडे आईबाप म्हणतात, "पैशाचं तू बघू नकोस, तू फक्त अभ्यास कर." प्रेमापोटीच म्हणतात. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घरातली कुजबुज ऐकू येते. आई दागिन्यांविषयी बोलत होती, बाबा कुणाला तरी फोन करत होते, हे तिला कळतं. आकडा तेवढा कळत नाही. मग ती एक तर गप्प बसून तुमच्या मनासारखं करते आणि चार वर्षं कुढते, नाही तर हट्टाला पेटते. तुमची लेक बोलत नाही, त्याचं कारण मला इथे दिसतं. एका वहीच्या पानावर कराड, कॅपमधलं दुसरं खासगी कॉलेज आणि पुण्याचं विद्यापीठ या तिन्ही पर्यायांचे चार वर्षांचे खर्च तिलाच लिहायला लावा. आम्ही इतके देऊ शकतो, यापुढचं कर्ज, आणि ते कर्ज तुझ्या नावावर असेल, एवढं शांतपणे सांगा. धमकीचा सूर नको आणि उपकाराचाही नको. एवढी माहिती मिळाली की मुलं अतिशय समंजसपणे विचार करतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मे महिन्यात भरलेल्या पैशांचं काय? ते गेले असं समजून "आता तिथेच जाऊ" असं ठरवू नका. यूजीसी दर वर्षी प्रवेश रद्द करण्याची आणि फी परतीची तारीख जाहीर करते. मुदतीत रद्द केलं तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी रक्कम परत द्यावी लागते, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. रद्द करण्याचा अर्ज लेखी करा, ईमेलनेही पाठवा, पोच जपून ठेवा. तोंडी "पुढच्या आठवड्यात या" म्हणाले तर त्याच दिवशी ईमेलवर तेच लिहून पाठवा. मात्र कॅपची जागा स्वीकारून प्रवेश नक्की झाल्याशिवाय तिथलं रद्द करू नका, आणि मुदतीचा शेवटचा दिवसही गाठू नका.

ब्रँचच्या प्रश्नाकडे येतो. "तिला कॉम्प्युटर हवंय" असं तुम्ही लिहिलंय. का हवंय, ते लिहिलेलं नाही. विचारलंय का? मी मुलांना विचारतो तेव्हा बहुतेकदा उत्तर येतं, "स्कोप आहे", "सगळे तेच घेतायत." क्वचित एखादी मुलगी सांगते की अकरावीत तिने पायथॉनमध्ये घरच्या दुकानाच्या उधारीचा हिशोब ठेवायचा प्रोग्राम लिहिला होता, तो नीट चालेना म्हणून रात्रभर बसली होती. या दोन मुलींना एकच सल्ला देता येत नाही. दुसरीला इलेक्ट्रिकलला घालणं हा अन्याय आहे. पहिलीला अजून ठरवायचंच आहे, आणि ते ठरवायला तिला मदत हवी आहे.

त्यासाठी एक साधा उपाय आहे. दोन्ही ब्रँचचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पहिलं वर्ष सगळीकडे बरंचसं सारखंच असतं. त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी इलेक्ट्रिकलला सर्किट्स, इलेक्ट्रिकल मशिन्स, मापन अशा गोष्टी येतात, पुढे पॉवर सिस्टिम आणि कंट्रोल सिस्टिम. कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम. मग एनपीटीईएलवर जा. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं तिथे फुकट आहेत. इलेक्ट्रिकल मशिन्सची पहिली तीन आणि डेटा स्ट्रक्चर्सची पहिली तीन तिला ऐकू द्या. सगळं समजणार नाही, समजायलाही नको. कुठल्या व्याख्यानानंतर तिने चौथं आपणहून लावलं, एवढंच बघा. तुम्हीही शेजारी बसून एखादं ऐका. इंग्रजी जड गेलं तरी चालेल. तुम्ही तिच्या विषयात डोकावलात, याचाच तिला आधार वाटेल.

इलेक्ट्रिकलविषयी तुमच्या घरात बहुधा कुणी नीट बोललेलं नाही, म्हणून चार वाक्यं. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या २००५ मध्ये वीज मंडळातून वेगळ्या झालेल्या तिन्ही कंपन्या इलेक्ट्रिकलचे अभियंते भरतात. गेट ही पदवीच्या टप्प्यावरची परीक्षा देऊन एनटीपीसी, पॉवर ग्रिड अशा केंद्रीय कंपन्यांचा रस्ता आहे. सौर प्रकल्प, बॅटरी, इलेक्ट्रिक वाहनं यांमुळे खासगी क्षेत्रातही काम वाढलं आहे. आणि मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवर येतात तेव्हा बहुतेकदा सगळ्या ब्रँचच्या मुलांना बसू देतात, त्यामुळे इलेक्ट्रिकल घेतलं म्हणून सॉफ्टवेअरचं दार बंद होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या शाखेतला मायनर, म्हणजे जोड-अभ्यासक्रमही घेता येतो. पण "पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलू" या आशेवर प्रवेश घेऊ नका. ते रिकाम्या जागा आणि पहिल्या वर्षाचे गुण यांवर ठरतं, आणि कॉम्प्युटरच्या जागा फारशा रिकाम्या होत नाहीत.

कॉम्प्युटरविषयीही एक सांगायला हवं. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका ब्रँचच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा नावांनी तुकड्या वाढल्या. तुकड्या एका वर्षात वाढवता येतात. चांगले शिक्षक तितक्या लवकर मिळत नाहीत. म्हणून ज्या कॉलेजात कॉम्प्युटर घ्यायचा विचार आहे तिथे विचारा: या ब्रँचला एकूण किती तुकड्या, नियमित शिक्षक किती, पीएचडी झालेले किती, आणि या विशिष्ट कोर्सला एनबीए मानांकन आहे का. नॅक हे मानांकन अख्ख्या कॉलेजचं असतं, एनबीए एकेका कोर्सचं. कॉलेजला नॅकची वरची श्रेणी असली तरी नव्या एआय ब्रँचला एनबीए नसू शकतं, कारण तिची पहिली बॅचच अजून बाहेर पडलेली नसते. जी बॅच बाहेर पडलेली नाही तिचं प्लेसमेंटही कुणी सांगू शकत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि प्लेसमेंट. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर चाळीस लाखांचं पॅकेज आणि एका मुलाचा फोटो असतो. तो बाजूला ठेवा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी भाग घेणारी प्रत्येक संस्था आपली माहिती भरते, आणि ती फाइल संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तळाशी, बारीक अक्षरांत कुठेतरी "एनआयआरएफ" असं सापडेल. तिथे चार वर्षांच्या पदवीचा तक्ता असतो. तो लेकीबरोबर बसून ओळीने वाचा. समजा, एका वर्षी ६०० मुलांनी प्रवेश घेतला असं त्यात दिसलं. पुढचा रकाना असतो ठरलेल्या वेळेत पदवी मिळवलेल्यांचा, समजा ४५०. त्याच्या पुढे नोकरी लागलेले, समजा २६०. मग वार्षिक पगाराचा मध्यक; समजा साडेचार लाख. शेवटी उच्च शिक्षणाला गेलेले, समजा ४०. आता तुमच्या हातात खरं चित्र आलं. सहाशेंपैकी दीडशे वेळेत बाहेर पडले नाहीत. वेळेत बाहेर पडलेल्यांपैकी दीडशे ना नोकरीत ना पुढच्या शिक्षणात. आणि नोकरी लागलेल्यांतल्या निम्म्यांचा पगार साडेचार लाख किंवा त्याहून कमी. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण कराडची आणि त्या पुण्याच्या विद्यापीठाची फाइल शेजारी-शेजारी ठेवून हेच पाच रकाने वहीत उतरवा. माहिती संस्थेने स्वतःच भरलेली असते आणि ती सगळ्या ब्रँच मिळून असते, ही मर्यादा ध्यानात ठेवा. ब्रँचनिहाय यादी प्लेसमेंट ऑफिसमध्ये मागता येते. देत नाहीत म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे.

आईंची होस्टेलची काळजी मला अगदी रास्त वाटते. तिला "उगाच घाबरतेस" म्हणून उडवून लावू नका. पण ती काळजी कराडलाही लागू आहे, फक्त पुण्याला नाही. साताऱ्याहून कराड पन्नासेक किलोमीटर, रोज एसटीने जाणं-येणं होईल असं वाटतं. पण सकाळचं लेक्चर, संध्याकाळी लांबलेलं प्रॅक्टिकल, परीक्षेचे दिवस धरले तर पहिल्या सेमिस्टरलाच थकवा येतो. म्हणून दोन्ही ठिकाणी कामाच्या दिवशी जा, तिघंही. मुलींच्या वसतिगृहात जागा किती, पहिल्या वर्षाला मिळते का आणि कशावर मिळते, रात्री दार किती वाजता बंद होतं, वॉर्डन तिथेच राहतात का, आजारी पडलं तर कोण नेतं, पाण्याचं कसं, हे आईंनी विचारावं. मेसमध्ये एक वेळ जेवा. आणि मग तासभर लेकीला तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींबरोबर एकटं सोडा. तुम्ही गेटबाहेर चहा घ्या. आईबाप समोर असताना त्या मुली "सगळं छान आहे काका" एवढंच म्हणतील. एकटीला त्या सांगतील कुठले सर शिकवतात, कुठल्या लॅबमधली उपकरणं बंद आहेत, आणि रॅगिंगचं खरं काय ते.

काकांचं काय करायचं? त्यांचा अनुभव त्यांच्या काळातला आणि त्यांच्या कंपनीतला आहे. फोनवर त्यांना लेकीशी थेट बोलू द्या. तुमच्यामार्फत आलेलं मत तिला दडपण वाटतं. त्यांच्याकडून थेट ऐकलं तर ती प्रश्न विचारू शकते.

ऑप्शन फॉर्म भरताना मी प्रत्येक घराला एकच पद्धत सांगतो. तिघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून आपापली पहिल्या दहांची यादी लिहायची, कॉलेज आणि ब्रँच दोन्ही. मग जेवणानंतर तिन्ही कागद शेजारी ठेवायचे. जे तिन्हीकडे आहे त्यावर वेळ घालवू नका. जिथे फरक आहे तिथे ज्याने लिहिलं त्याने कारण सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं. आईवडिलांना नकाराचा हक्क दोन गोष्टींवर असावा असं माझं ठाम मत आहे: झेपणार नाही इतका खर्च, आणि मुलीच्या सुरक्षिततेविषयीची खरी, तपासून पाहिलेली शंका. ब्रँचवर नाही. चार वर्षं पहाटे उठून ते विषय तिला वाचायचे आहेत.

एका मुलीचं सांगतो. वडिलांनी मुदतीच्या आदल्या रात्री सायबर कॅफेत बसून, कॅफेवाल्याच्या सल्ल्याने यादीचा क्रम बदलला. मुलीला कळलं ते जागा लागली तेव्हा. जागा वाईट नव्हती. पण सुविधा केंद्रावर ती माझ्यासमोर बसली होती आणि कागदपत्रं वडिलांच्या हातून घ्यायलाही तयार नव्हती. लॉगिन आणि पासवर्ड लेकीकडेच असू दे, ओटीपी तिच्या मोबाइलवर येऊ दे, आणि शेवटचं बटण तिनेच दाबू दे. तुम्ही शेजारी बसा आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा.

क्रमाविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. वर अवघड कॉलेज लिहिलं तर खालच्याची संधी जाते, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. गुणवत्ता क्रमानुसार तुमचा नंबर आला की यंत्रणा तुमची यादी वरून खाली बघत जाते आणि जिथे जागा आहे तिथे थांबते. सांगलीच्या वालचंदचं कॉम्प्युटर ९४ ला लागणं फार अवघड आहे, पण खरंच हवं असेल तर ते सगळ्यांत वर लिहा. नुकसान काही नाही. कटऑफच्या पीडीएफमधले कोड वाचायला शिका. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग, शेवटचा एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातले, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळी. तुमची लेक बारावी साताऱ्यातून झाली असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत, ती एच मध्ये मोजली जाईल, आणि तिथल्या बहुतेक खासगी कॉलेजांत सत्तर टक्के जागा या क्षेत्रासाठी असतात. पुण्यातल्या बहुतेक खासगी कॉलेजांत मात्र ती उरलेल्या तीस टक्क्यांत. म्हणून तिने एलओबीसीएच आणि एलओबीसीओ हे रकाने पाहायचे, आणि कराड, वालचंदसारख्या ज्या कॉलेजांच्या जागा राज्यपातळीवर भरतात तिथे एलओबीसीएस. वर्तमानपत्रात छापून येणारा ओपनचा कटऑफ तिच्या फारसा कामाचा नाही. एकाच वर्षाचा आकडा पाहू नका, तीन वर्षांचे बघा, आणि मुलगी म्हणून, ओबीसी म्हणून, घरच्या क्षेत्रातली म्हणून तिला किती पुढे जाता येतं ते तिचं तिला मोजू द्या. पुष्कळदा ज्या कॉलेजचं नावही आपण घेत नव्हतो ते हाती लागण्यासारखं निघतं.

माझं मत विचारलंत तर ते असं. एनपीटीईएलचा तो प्रयोग करून आणि दोन्ही कॉलेजं पाहून आल्यावरही लेक कॉम्प्युटरच म्हणत असेल, तर दुसऱ्या फेरीत कराडच्या वर सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या स्वायत्त, एनबीए असलेल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर आणि आयटी लिहा, शिवाय पुण्यातली तिच्या आवाक्यातली कॅपची कॉलेजं. शिक्षण शुल्क माफ आहे, ब्रँच तिच्या मनाची आहे, आणि कराड खाली उभं आहेच. चारही फेऱ्यांनंतर कराडचं इलेक्ट्रिकलच राहिलं, तर मी वीस लाखांच्या कॉम्प्युटरऐवजी कराडकडे झुकेन. पण अट एकच: ते तिने पानावरचे आकडे पाहून स्वतः म्हटलेलं हवं. आणि ती खरोखर त्या उधारीच्या प्रोग्रामवाल्या मुलीसारखी असेल, कॅपमधून कॉम्प्युटर कुठेच लागलं नसेल, तर पुण्याचा विचार पुन्हा करा, पण बँकेतून कर्जाच्या हप्त्याचा कागद हातात घेऊन आणि त्या विद्यापीठाच्या एनआयआरएफ फाइलमधले पाच रकाने वाचून. सीईटी पुन्हा देऊन एक वर्ष थांबण्याचा पर्याय काही जण सुचवतील. गुण वाढायला कुठे जागा होती, हे ती नेमकं सांगू शकत असेल तरच तो विचारात घ्या.

आज संध्याकाळी बेटरमेंटची मुदत तपासा, उद्या तहसील कार्यालयात जा, आणि येत्या कामाच्या दिवशी तिघं कराडला जाऊन या. तिथल्या इलेक्ट्रिकल विभागाच्या प्रमुखांना आधी फोन करून वेळ मागा. प्रवेशाच्या दिवसांत विभागप्रमुख पालकांना भेटतात. प्रश्न लेकीला विचारू द्या. ती अडखळली तरी तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.